वनांचे निर्णय आणि जनांचा अधिकार

एखाद्या डोंगरउतारावरील झाडांच्या बुंध्यांवर रंगाने आकडे घातलेले दिसू लागले, की गावात कुजबुज सुरू होते. रस्ता येणार, रेल्वेचा नवा रूळ येणार, विजेचे मनोरे येणार, खाण येणार, असे तर्क लढवले जातात. काही दिवसांत यंत्रे दाखल होतात आणि मग लोक कार्यालयांच्या पायऱ्या झिजवू लागतात. तेथे पुष्कळदा एकच उत्तर मिळते : मंजुरी केव्हाच झाली, हरकत घेण्याची मुदतही टळून गेली. मंजुरी झाली हे जितके खरे, तितकेच ती लोकांना कळली नव्हती हेही खरे असते.

जंगलातून जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला विरोध करावा, असे आमचे म्हणणे नाही. रस्ते, वीज आणि पाणी यांची गरज आपणा सर्वांनाच आहे. मात्र ज्या निर्णयाने पिढ्यान्पिढ्यांचे वन नाहीसे होते, तो निर्णय कोणी घेतला, कोणत्या अभ्यासावर घेतला आणि कोणत्या अटींवर घेतला, हे जाणण्याचा अधिकार त्या वनाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला असलाच पाहिजे. कायद्याने तो दिलेलाही आहे. तो कोठे आहे, किती आहे आणि कोठे अपुरा पडतो, हे आमच्या वाचकांना समजावे म्हणून हा लेखनप्रपंच.

एक जंगल, तीन परवानग्या

आपल्या देशात जंगलावर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाला सर्वसाधारणपणे तीन वेगवेगळ्या दारांतून जावे लागते. ही तीन दारे एकच आहेत अशी समजूत झाल्यामुळे अनेकांची गल्लत होते.

पहिले दार पर्यावरणीय मंजुरीचे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्या कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी केंद्र शासनाने जी अधिसूचना काढली, तिच्या परिशिष्टात खाणी, धरणे, बंदरे, मोठे महामार्ग, कारखाने अशा प्रकल्पांची यादी आहे. यादीतील प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल तयार करावा लागतो आणि त्यांपैकी बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते.

दुसरे दार वनमंजुरीचे. वनजमीन वनेतर कामासाठी द्यायची असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची पूर्वमान्यता लागते. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नावही बदलून 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असे झाले आहे. ही मान्यता दोन टप्प्यांत मिळते. आधी तत्त्वतः मंजुरी दिली जाते. पर्यायी वनीकरण, वनाच्या मूल्याची भरपाई इत्यादी अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरी मिळते आणि त्यानंतर राज्य शासन आपला आदेश काढते.

तिसरे दार वन्यजीवांचे. जमीन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे प्रस्ताव जातो.

लोकांना आत येण्यासाठी पायरी आहे ती मुख्यतः पहिल्या दाराशी. दुसऱ्या दाराशी जनसुनावणी नाही. तेथे ग्रामसभेचा आधार आहे. तिसऱ्या दाराशी तर लोकांसाठी पायरीच नाही. बैठक होते, तिचे इतिवृत्त प्रसिद्ध होते, आणि ते वाचणाऱ्यालाच काय ठरले ते कळते.

जनसुनावणीचे नियम

२००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीची पद्धत बरीच काटेकोर घालून दिली आहे. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक स्वराज्य संस्था, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहण्यास ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी मांडलेले मुद्दे उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागतात.

येथे एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुनावणीसाठी गणसंख्येची अट नाही. दहाच माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरले जाते. 'आम्ही बहिष्कार टाकला' असे म्हणून घरी बसणाऱ्यांचे म्हणणे कागदावर येत नाही. पुढे न्यायालयात गेल्यावर मात्र कागदच बोलतो. प्रत्यक्ष बोलण्याचे धैर्य नसेल त्याने लेखी हरकत द्यावी आणि तिच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. सारांश मराठीत असला तरी मूळ अहवाल शेकडो पानांचा व इंग्रजीत असतो, आणि झाडांची गणना, पाण्याचे स्रोत, वन्यप्राण्यांचे मार्ग हे सारे त्या पानांत दडलेले असते. २०२० मध्ये केंद्राने मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा एका पर्यावरण कार्यकर्त्याने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. देशभर टाळेबंदी होती आणि मसुदा मोजक्याच भाषांत होता. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत मसुद्याचे भाषांतर करून तो प्रसिद्ध करण्यास सांगितले. त्या भाषांत मराठी आहे आणि कोंकणीही आहे. जो कागद वाचता येत नाही तो खुला असून नसल्यासारखाच, हे तत्त्व त्या आदेशाच्या मुळाशी होते.

ग्रामसभेचा शब्द

वनमंजुरीच्या दाराशी आदिवासी व इतर वननिवासी बांधवांसाठी २००६ चा वनहक्क कायदा उभा आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळती करण्यापूर्वी वनहक्कांचे दावे निकाली काढणे आणि ग्रामसभांची संमती घेणे आवश्यक ठरवले. या संमतीला किती वजन असू शकते हे ओडिशातील नियमगिरीने दाखवून दिले. त्या डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांकडे सोपवला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात १२ गावांच्या ग्रामसभा भरल्या. डोंगरिया कोंध समाजाच्या स्त्री-पुरुषांनी आपापल्या सभेत उभे राहून आपले म्हणणे नोंदवले आणि बाराच्या बारा सभांनी नकार दिला. पुढे २०१४ मध्ये मंत्रालयानेही वनमंजुरी नाकारली.

परंतु हा आधार सर्वत्र सारखा नाही. रस्ते, रेल्वेमार्ग, वीजवाहिन्या, नळवाहिन्या अशा रेषेसारख्या लांबत जाणाऱ्या प्रकल्पांना ५ फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने, काही अपवाद सोडून, ग्रामसभेच्या संमतीतून मोकळीक दिली. २०२२ च्या नियमांनी तर वनहक्कांची पूर्तता पाहण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, राज्य शासनाकडे, सरकवली. केंद्राची मंजुरी हाती आल्यावर ग्रामसभेला विचारणे म्हणजे साखरपुडा उरकल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखे आहे, ही टीका आम्हांला रास्त वाटते.

मोल्याचा धडा

या त्रुटी एकत्र येतात तेव्हा काय घडते आणि कागद हाती आला तर काय घडू शकते, हे शेजारच्या गोव्यात दिसले. गोव्याच्या पूर्व सीमेवर भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान आहे. पश्चिम घाटाच्या या वनातून तीन प्रकल्प नेण्याचे ठरले : रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी. रेल्वेच्या प्रस्तावाची शिफारस वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१९ मध्ये केली. उरलेले दोन प्रस्ताव ७ एप्रिल २०२० रोजी, सारा देश टाळेबंदीत घरात असताना, दूरचित्रसंवादाद्वारे झालेल्या बैठकीत पुढे सरकले.

रेल्वेमार्ग आणि वीजवाहिन्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी जनसुनावणीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. अभयारण्याच्या पोटातून जाणाऱ्या मार्गाविषयी तेथल्या माणसाला कायद्याने कोणी विचारणार नव्हते. त्याच्या हाती होते ते बैठकांचे इतिवृत्त, प्रस्तावाचे अर्ज, नकाशे आणि अहवाल. गोव्यातील तरुणांनी तेच वाचायला घेतले. शास्त्रज्ञ, विद्यार्थी, वकील, वास्तुविशारद, पर्यटन व्यावसायिक अशा अनेक गटांनी आपापल्या विषयाच्या अंगाने त्या कागदांतील उणिवा दाखवणारी पत्रे मंत्रालयाला लिहिली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रेल्वेरुळाशी जमले.

दरम्यान गोवा फाउंडेशन या संस्थेने हा विषय सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीपुढे नेला. समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल दिला. रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला पुरेसे समर्थन नाही, असे तिला दिसून आले. वीजवाहिनी नव्या जंगलातून न नेता जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी, असे तिने सुचवले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची वाट न्यायालयाने बंद केली नाही. म्हणजे 'प्रकल्प कधीच नको' असा हा निवाडा नव्हता. 'अभ्यासाशिवाय मंजुरी नको' असा होता. लोकांनी मागितले होते तेही मुळात हेच.

मुदत केव्हापासून मोजायची?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पर्यावरणीय मंजुरीविरुद्ध, तसेच वनजमीन वळती करण्याच्या राज्य शासनाच्या आदेशाविरुद्ध, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. २०१० च्या कायद्याने त्यासाठी ३० दिवस दिले आहेत. सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण आणखी ६० दिवसांपर्यंतचा विलंब माफ करू शकते. नव्वदावा दिवस उलटला की अपिलाचे दार बंद होते. मग कारण कितीही खरे असो.

हे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, याचे उत्तर अरुणाचल प्रदेशातील तवांगच्या लोकांनी मिळवून दिले. तेथे न्यामजांग छू नदीवर ७८० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प होणार होता. १९ एप्रिल २०१२ रोजी त्याला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. 'सेव्ह मोन रीजन फेडरेशन' ही स्थानिक संघटना अपिलात गेली तेव्हा मुदत संपल्याचा आक्षेप घेण्यात आला. १४ मार्च २०१३ रोजी न्यायाधिकरणाने तो फेटाळला. मुदत सुरू होते ती निर्णय लोकांपर्यंत रीतसर पोहोचवला जातो तेव्हा, असे त्याने ठरवले. मंत्रालयाने मंजुरी आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे. प्रकल्पचालकाने दोन स्थानिक वृत्तपत्रांत ती अटींसह ठळकपणे जाहीर केली पाहिजे. पंचायत व नगरपालिकांनी आपल्याकडे आलेली प्रत ३० दिवस फलकावर लावली पाहिजे. यांपैकी एकाने तरी आपले कर्तव्य पूर्णपणे पार पाडल्याशिवाय लोकांवर घड्याळ लावता येत नाही. अपील दाखल झाले म्हणूनच पुढचा विचार होऊ शकला. त्या खोऱ्यात हिवाळी मुक्कामाला येणाऱ्या काळ्या मानेच्या क्रौंच पक्ष्यांचा पुरेसा विचार झालेला नाही, या कारणावरून ७ एप्रिल २०१६ रोजी न्यायाधिकरणाने ती मंजुरी स्थगित केली आणि नव्याने अभ्यास करण्यास सांगितले.

याउलट मुंबईच्या आरे वसाहतीतील घटना आठवावी. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. परवानगी दिल्यानंतरचे १५ दिवस केव्हाच संपले, असे मेट्रोचे म्हणणे होते. परवानगीचे पत्र आम्हांला आजच पाहायला मिळाले, असे आंदोलकांचे म्हणणे होते. कोणाची तारीख बरोबर, याचा निवाडा होण्याआधीच झाडे पडत होती. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे कापली गेली होती. तारखेचा वाद पुढे कोणी जिंकला तरी ते झाड पुन्हा उभे राहत नाही. म्हणूनच निर्णय जाहीर होण्याची तारीख वादातीत असणे आवश्यक आहे.

झाडे लावण्याचाही हिशेब हवा

'तोडली तेवढी लावू' हे आश्वासन आपण नेहमी ऐकतो. पर्यायी वनीकरणाच्या निधीसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. पण लागवड कोठे होणार, कोणत्या जातींची होणार आणि ती जमीन आज कोणाच्या गुरांचे कुरण किंवा कोणाच्या वनहक्काची आहे, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. वनलागवड २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत नसल्यामुळे तिला मूल्यांकन व जनसुनावणी लागू होत नाही.

झाडे लावण्यानेही हानी होऊ शकते, हे ब्रिटनने अनुभवले आहे. १९८० च्या दशकात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील 'फ्लो कंट्री' या दलदलीच्या विस्तीर्ण प्रदेशात करसवलतींच्या लोभाने सूचिपर्णी वृक्षांची प्रचंड लागवड झाली. हजारो वर्षांत साचलेली तेथली ओली माती त्यासाठी चर खणून कोरडी केली गेली. १९८८ मध्ये त्या सवलती बंद झाल्या. आज तेथे मोठ्या वनलागवडीलाही पर्यावरणीय आघाताची परीक्षा लागू आहे आणि त्यासंबंधीचे निर्णय लोकांना पाहता येतील अशा नोंदवहीत ठेवले जातात. जी झाडे उपटून काढावी लागली त्यांची जागा पुन्हा दलदल होत आहे, आणि २०२४ मध्ये युनेस्कोने त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जंगल तोडण्याचा निर्णय जसा खुला हवा, तसाच ते लावण्याचाही हवा, हा यातील बोध आपल्यालाही उपयोगी आहे.

धर्मग्रामांनी काय करावे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लौदातो सी' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी पर्यावरणीय आघाताच्या मूल्यांकनाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. प्रकल्प ठरल्यावर उपचार म्हणून नव्हे, तर आरंभापासून, पारदर्शकपणे आणि कोणत्याही आर्थिक वा राजकीय दडपणाविना हे मूल्यांकन व्हावे, आणि चर्चेत स्थानिक जनतेला विशेष स्थान असावे, असे त्यांचे सांगणे आहे. आमच्या श्रद्धेचा हा भाग आहे. मात्र तो केवळ प्रवचनात ठेवून भागणार नाही.

प्रत्येक धर्मग्रामात कायदा किंवा विज्ञान शिकलेले दोन-चार तरुण असतातच. त्यांनी केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्यातील प्रस्ताव महिन्यातून एकदा पाहावेत. २०१८ पासून पर्यावरण, वन व वन्यजीव या तिन्ही मंजुऱ्यांचे अर्ज तेथे एकत्र येतात. वृत्तपत्रातील जनसुनावणीची जाहिरात दिसताच तिचे कात्रण तारखेसह जपावे आणि चर्चच्या सूचनाफलकावर लावावे. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीत आली का आणि फलकावर लागली का, हे लेखी विचारावे. माहिती मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा वापर करावा. १० रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मात्र माहिती अधिकाराचे ३० दिवस आणि अपिलाचे ३० दिवस एकाच वेळी धावत असतात, हे विसरू नये. उत्तराची वाट पाहत बसलो आणि अपील राहून गेले, असे होता कामा नये. पश्चिम विभागासाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे. महाराष्ट्र, गोवा व गुजरात या राज्यांतील प्रकरणे तेथे चालतात.

मंजुरी मिळून प्रकल्प उभा राहिला तरी आपले काम संपत नाही. पर्यावरणीय मंजुरीतील अटी पाळल्या जात आहेत की नाहीत, याचा अहवाल प्रकल्पचालकाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी द्यायचा असतो आणि तो लोकांसाठी खुला असतो. 'दहा हजार झाडे लावली' असे त्यात लिहिले असेल, तर ती कोठे लावली आणि त्यांतली किती जगली, हे त्या रानात फिरणाऱ्या गुराख्याला ठाऊक असते. अहवाल त्याला वाचून दाखवावा आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे. तो कागद पुढच्या सुनावणीत कामी येतो.